भूकंपाचा दिवस आणि आपलीं लहान मुलें

(लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत पालक व शिक्षक यांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आजची सभा लेंकरें निजल्यावर भरविली, हें फार बरें केलें. बोलणें लेंकरांविषयीं आहे, पण तें त्यांच्या कानांवर पडण्याजोगें नाहीं. कारण त्यांत आपणां मोठ्यांच्या चुकाच अधिक निघणार आहेत.

दरसाल ३० सप्टेंबर आला कीं आपल्या भागांत दुखवट्याचा दिवस असतो. किल्लारीस स्मृतिस्तंभापाशीं माणसें जमतात, फुलें वाहतात, स्तब्ध उभीं राहतात. १९९३ सालीं त्या दिवशीं पहाटे, चार वाजावयास थोडा अवकाश असतांना, लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांची जमीन हादरली. सुमारें ८ हजार माणसें मेलीं. किल्लारी, सास्तूर धरून ५२ गांवें उद्ध्वस्त झालीं. रात्र गणेशविसर्जनाची, कित्येक लोक मिरवणुकीहून उशीरां येऊन गाढ झोपलेले होते.

ह्यास आतां तीसांवर वर्षें उलटून गेलीं. तेव्हां जें पांच वर्षांचें पोर होतें तें आज स्वतः आईबाप झालें आहे, आणि त्याच्या मांडीवरचें पांच वर्षांचें पोर विचारतें, “बाबा, आज आजी कां रडते?” ह्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतों, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

बहुधा आपण दोन उत्तरें देतों. एक, “गप बैस.” दुसरें, देवाचा कोप. पहिल्यानें मूल गप बसतें, त्याला समजत मात्र कांहीं नाहीं. दुसऱ्यानें काय होतें तें ऐका.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत ह्या दिवशीं कार्यक्रम झाला. शाळेचें नांव घेत नाहीं. हेतु कांहीं वाईट नव्हता. पहिलीपासूनचीं सगळीं मुलें उन्हांत बसविलीं. फळ्यावर ढिगाऱ्यांतल्या प्रेतांचीं चित्रें डकविलीं. मग एका पाहुण्यानें भाषण केलें, कीं पृथ्वीवर पाप वाढलें म्हणजे धरणीमाता अंग झाडते. टाळ्या झाल्या, खाऊ वांटला, मुलें घरीं गेलीं. आमच्या नात्यांतली एक सहा वर्षांची पोर त्या रात्रीं घरांत निजेना. अंगणांत अंथरूण घातलें तर आईलाही बाहेर ओढी. दोन रात्री असें चाललें. तिसऱ्या रात्रीं तिनें आईच्या कानांत सांगितलें, कीं मीं डब्यांतला गूळ चोरून खाल्ला आहे, आतां आपलें घर पडणार.

बंधूंनो, गुळाच्या खड्यानें घर पडतें असें त्या पोरीला कोणींच शिकविलें नव्हतें. पण लहान मुलाची बुद्धि अशीच चालते. जगांत जें घडतें तें आपल्यामुळें घडतें, असें त्याला वाटतें. आई रागावली तर आपल्यामुळें, बाप आजारी पडला तर आपल्यामुळें. अशा कोंवळ्या मनाच्या हातीं ‘पाप’ हा शब्द देणें म्हणजे कडब्याच्या गंजीशेजारीं पेटता पलिता ठेवणें होय. आणि येथें तर गणपति बोळविल्याच्या रात्रींच घरें पडलीं! आपण कांहींच न सांगितलें तरी मूल त्या दोन गोष्टींची सांगड आपल्या आपण घालील, कीं देव गेला म्हणून घर पडलें. तेव्हां न बोलणें हाही उपाय नव्हे.

पापाची ही भाषा कोणाच्या सोयीची, हें तुम्हांस नव्यानें सांगावयास नको. ग्रहण लागलें कीं दान, पटकी आली कीं शांति, पाऊस लांबला कीं अनुष्ठान; माणूस मेला तरी दक्षिणा चुकत नाहीं. संकटाचें कारण पाप ठरलें म्हणजे त्याचा उतारा कोणाच्या हातीं राहतो, हें जोतीरावांनीं आपल्या वाडवडिलांना शंभरांवर वर्षांपूर्वीं उघड करून दाखविलें. परंतु भटजीबुवांवर सगळा दोष ढकलून आपण मोकळे होऊं नये. त्या शाळेंतला पाहुणा आपल्यापैकींच होता, आणि टाळ्याही आपणच वाजविल्या.

आतां पापाचा हिशेब घटकाभर खरा धरून पाहूं. किल्लारी-सास्तूरच्या बाजूस ज्याला ऐपत तो दगडमातीच्या जाडजूड भिंती घाली आणि वर माळवद चढवी. जितका घरंदाज तितकी भिंत रुंद. गरिबाच्या डोक्यावर गवताचें छप्पर, नाहीं तर पत्रा. हिसका बसला तेव्हां जाड भिंतींनीं आणि जड माळवदांनीं माणसें गाडलीं. हलक्या छपराखालचा माणूस वांचण्याचा संभव अधिक होता. पूर्वजन्मींचा पापी म्हणून ज्याला गांवकुसाबाहेर बसविलें त्याचें खोपट उभें, आणि पुण्यवानाचा वाडा भुईसपाट! हा न्याय कोणत्या पोथींत बसतो?

पण थांबा. हें ऐकून आपल्यापैकीं एखाद्याला गुदगुल्या होतील, कीं बरें झालें, वाडेवाल्यांस शिक्षा मिळाली. तें बोलणेंही तितकेंच खोटें आणि तितकेंच दुष्ट. ह्याचा एक मोठा दाखला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला, हजारों माणसें मेलीं. गांधीजी त्या वेळीं अस्पृश्यतानिवारणासाठीं दक्षिणेंत दौऱ्यावर होते. त्यांनीं जाहीर सांगितलें, कीं हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें दिलेलें शासन आहे. रवींद्रनाथ ठाकूर हे अस्पृश्यतेचे विरोधक, गांधीजींविषयीं त्यांना मोठा आदर. तरी त्यांनीं ह्या म्हणण्याचा निषेध केला, आणि गांधीजींनीं तो निषेध ‘हरिजन’ पत्रांत छापून त्यास उत्तर दिलें. अस्पृश्यता हें पाप आहे ह्यांत आम्हांला तिळभर शंका नाहीं. पण भूकंप काय जात विचारून घरांत शिरतो? ज्यांनीं तें पाप सोसलें त्यांच्या पोरांनाही तो सोडीत नाहीं. कार्य चांगलें म्हणून खोटें कारण चालतें, असें एकदां मानलें कीं उद्यां दुसरा कोणी त्याच काठीनें आपल्याला झोडील. ह्या वादांत आम्ही ठाकुरांच्या बाजूचे आहों.

मग मुलाला खरें काय सांगावें? आमचा अनुभव असा, कीं खरें कारण मुलाला खोट्यापेक्षां लवकर समजतें. वाळलेली तुराटी त्याच्या हातीं द्या आणि हळूहळू वांकवावयास सांगा. वांकते, वांकते आणि कडकन् मोडते. तळहाताला झिणझिण्या येतात. जमिनीच्या पोटांतल्या खडकाचेंही असेंच आहे. तो फार फार वर्षें दाबला जातो, एके दिवशीं मोडून सरकतो, आणि त्याचा हिसका वर बसतो. आपल्या देशाची सगळी भूमि उत्तरेकडे सरकत हिमालयाशीं रेटली जाते, हें चवथी-पांचवीच्या मुलाला नकाशा काढून सांगतां येईल. पहिलीच्या पोराला तुराटी पुरे. शेषाच्या फणेची गोष्ट आजीनें खुशाल सांगावी; मात्र गोष्ट म्हणून सांगावी.

घराचेंही असेंच हातांनीं दाखवावें. परातींत वाळू घ्या. एका बाजूस खडे आणि चिखल रचून भिंत करा, वर ओल्या मातीचा जाड थापा ठेवा. दुसऱ्या बाजूस काड्या दोऱ्यानें बांधून वर पळसाचें पान घाला. परात हालविण्यापूर्वीं मुलांनाच विचारा, आधीं कोणतें पडेल? किल्लारीकडच्या भिंतींना आंतून एक आणि बाहेरून एक अशा दगडांच्या दोन रांगा असत, मधें चिखल व दगडगोट्यांची भर. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुधा नसे, कोपऱ्यांचा सांधाही कच्चा. वरून पावसाची गळती नको, उन्हाळ्यांत घर तापूं नये, म्हणून माळवदावर वेळोवेळीं पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. आजोबानें एक थर दिला, बापानें दुसरा, मुलानें तिसरा. प्रत्येकानें घर नीट राहावें म्हणूनच दिला. हिसका बसतांच भिंत पोटांतून फुटली आणि तीन पिढ्यांची माती अंगावर आली.

ह्यांत पाप कोठें आलें? अज्ञान आलें, आणि त्या अज्ञानाचा दोष मरणाऱ्यांकडे नाहीं. ज्यांच्याजवळ ज्ञान होतें आणि ज्यांनीं तें खेड्यांत पोंचविलें नाहीं, त्यांच्याकडे आहे. १९६७ सालीं कोयनेला भूकंप होऊन गेला होता. तेथेंही दगडमातीचींच घरें पडून माणसें मेलीं होतीं. १९९२ सालीं खुद्द किल्लारीच्या जमिनीनें लहान लहान हादरे दिले होते. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागितलें होतें, कीं खेड्यांतला शिक्षक शेतकरी वर्गांतला असावा आणि शाळेंत शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान द्यावें. भिंत कशी बांधावी हें त्यांतलेंच ज्ञान आहे.

शब्दांविषयीं थोडें सांगतों. “निजले ते निजलेच,” असें आपण सहज म्हणतों. मुलासमोर म्हणूं नका. मेलेल्याला ‘झोपला’ म्हटलें कीं मूल झोपेला भितें, आणि येथें तर माणसें खरोखरच झोपेंत गेलीं. ‘मेला’ हाच शब्द वापरा. मेला म्हणजे त्याला आतां दुखत नाहीं, भूक लागत नाहीं, तो परत येत नाहीं. कठोर वाटेल, पण मूल मेलेली चिमणी पाहतें, बैल मेला तर घरांतलें रडणें पाहतें. मरण त्याला ठाऊक असतें, आपल्या आडवळणाच्या बोलण्यानें तें गोंधळतें. प्रेतांचीं चित्रें मात्र दाखवूं नयेत, आणि हल्लीं घरोघरीं जो फोन असतो त्यांतलींही नकोत. बोलणें दिवसाउजेडीं काढावें, दिवेलागणीनंतर नको. विचारील तेवढेंच सांगावें. अर्ध्यांतून उठून पोर खेळावयास पळालें तर “एवढीं माणसें मेलीं आणि तुला खेळ सुचतो!” म्हणून त्याच्या अंगावर जाऊं नका. त्याचें तेवढ्यापुरतें समाधान झालें. तें चार दिवसांनीं पुन्हां येतें, जेवतांना किंवा न्हातांना, आणि मधलाच प्रश्न विचारतें.

पुष्कळदां तो प्रश्न असा असतो : मग त्या घरांतल्या मुलांचें काय झालें? ह्याविषयीं सांगण्याजोगें पुष्कळ आहे आणि नेमकें तेंच आपण सांगत नाहीं. लष्कर येण्यापूर्वीं गांवकऱ्यांनीं नुसत्या हातांनीं दगड उपसून माणसें काढलीं. देशभरांतून धान्य, कपडे, औषधें आलीं. भारतीय जैन संघटनेनें सुमारें १,२०० मुलें पुण्यास नेऊन शिकविलीं. राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनीं नळदुर्गास अनाथ मुलांसाठीं ‘आपलं घर’ उभें केलें. १८७७ च्या दुष्काळांत सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं पुण्याजवळ धनकवडीस उपाशी मुलांच्या पोटाची सोय केली होती, त्याच वाटेवरचें हें काम. आईबाप गेले तरी मुलाला उचलून घेणारें कोणी तरी होतें, हें पोराला आधीं कळूं द्या. त्याच्या मनांतली खरी भीति भूकंपाची नसतेच. ‘मी एकटा राहिलों तर?’ ही असते.

आणि केव्हां तरी तो प्रश्न येतोच : पुन्हां होईल कां? “छे, कधींच नाहीं,” असें म्हणण्याचा मोह होतो. म्हणूं नका. १९९३ पूर्वीं तज्ज्ञांनींही ही भूमि भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत निर्धोक पट्ट्यांत घातली होती. २००२ सालीं नकाशा बदलून तिला अधिक धोक्याच्या पट्ट्यांत आणावें लागलें. केव्हां होईल हें कोणालाच सांगतां येत नाहीं. पंचांग पाहून सांगणाऱ्याला तर मुळींच नाहीं. मुलाला सांगा, कीं संभव थोडा आहे. झाला तर मी तुझा हात धरीन, आपण भिंतींपासून दूर मोकळ्यावर जाऊं, ही पाहा ती जागा. आणि ती जागा खरोखर चालत जाऊन दाखवा.

येथें एक अडचण येते, ती लपवीत नाहीं. पुनर्वसनाचीं गांवें सोडलीं तर मराठवाड्यांत आजही कितीएक जुनीं माळवदें उभीं आहेत. परात हालवून पाहिलेलें पोर तुमच्या आढ्याकडे बोट दाखवील आणि म्हणेल, “बाबा, आपलें?” तेव्हां काय सांगाल? पैसा नाहीं हें खरें असेल तर तेंच सांगा. पण जाणत्या गवंड्याला विचारून वरची जुनी माती उतरवणें, भार हलका करणें, कोपरे बांधून घेणें, लेंकरांचें अंथरूण जड भिंतीपासून हलविणें, एवढें ह्या दिवाळीच्या आंत होण्याजोगें आहे. गुरुजींना आणि पंचांना आमची विनंति आहे, कीं पुढच्या ३० सप्टेंबरला पाहुणा बोलावूं नये, गवंडी बोलवावा.

त्या गूळ खाणाऱ्या पोरीचें पुढें काय झालें तें सांगून खालीं बसतों. तिच्या आजीचा थोरला मुलगा त्या पहाटे घरांत गेला होता. एवढ्या वर्षांत म्हातारीनें घरीं त्याचें नांव उच्चारलें नव्हतें. नातीचें ऐकून ती दुपारीं तिला घेऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “अगं, म्या तुझ्याएवढी व्हते तवा किती बी गूळ चोरला, कुठं काय पडलं? ते घर मातीच्या वझ्यानं पडलं.” मग मुलगा कोठें निजला होता, आपण कशा अंगणांत होतों, लोकांनीं दगड कसे उपसले, सगळें सांगितलें. पोरीनें विचारलें, “त्या काकाचं नांव काय होतं?” म्हातारीनें नांव सांगितलें. घरांतल्या धाकट्या सुनेलाही तें त्या दिवशीं पहिल्यानें कळलें. रात्रीं पोर घरांत निजली. दाराजवळ, आणि चपला उशाशीं ठेवून.