भिंतीला भोक पाडताना : ड्रिल मशीन, धूळ आणि आपली छाती

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोठ्यात कडबाकुट्टी बसवायची असते, मोटारीच्या खोलीत स्टार्टरची पेटी लावायची असते, दावणीला कड्या ठोकायच्या असतात. ही कामे पूर्वी गवंड्याकडे जात. तो छन्नी-हातोडा घेऊन बसे आणि एका भोकाला तास-दीड तास लावी. आता तालुक्याच्या बाजारात हॅमर ड्रिल सहज मिळते. अनेकांनी ते घेतले आहे, आणि काही गावांत तर तरुण मुलांनी घरोघर भोके पाडून देण्याचा जोडधंदाच सुरू केला आहे. धंदा चांगला आहे. पण ड्रिलबरोबर धूळ पकडण्याची सोय घेणारा माणूस क्वचितच भेटतो. दुकानदारही ती दाखवत नाही. म्हणून आज बोलण्याचा बराचसा वेळ मी धुळीला देणार आहे. विजेचे आणि यंत्राचे धोकेही सांगेन, परंतु ते आपल्याला निदान ठाऊक तरी असतात.

न दिसणारी धूळ

"आमचा जन्म धुळीतच गेला, आम्हाला काय होणार?" असे शेतकरी म्हणतात. शेतातली धूळ आणि ड्रिलची धूळ यांत फरक आहे. तो समजण्यासाठी उफणणी आठवा. वावडीवर उभे राहून पाटी ओतली की दाणा पायाशी पडतो, भूस थोडे पुढे जाते आणि अगदी बारीक फोलपट वाऱ्याबरोबर पार बांधापलीकडे जाते. भिंतीत बिट फिरते तेव्हा हेच घडते. जो पांढरा चुरा खाली ढिगासारखा पडतो, तो दाणा समजा. तो डोळ्यांना दिसतो, नाकात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर येतो. खरे संकट त्या बांधापलीकडे जाणाऱ्या फोलपटात आहे. सुमारे चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकाचे केस आणि घशाची ओल ओलांडून थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) असे कण डोळ्यांना दिसत नाहीत. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. समोरची धूळ बसली म्हणून आपण मास्क काढतो, तेव्हाही ते हवेतच असतात.

दुसरा फरक कशाची धूळ आहे यावर अवलंबून आहे. वाळू, वीट, काँक्रीट, ग्रॅनाइट, वालुकाश्म या सर्वांत कमी-अधिक प्रमाणात क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी असते. तिलाच स्फटिकरूप सिलिका म्हणतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात ती फार थोडी असते, नदीच्या वाळूत पुष्कळ असू शकते. नुकत्याच फुटलेल्या सिलिकेचे कण तर जुन्या, झिजलेल्या कणांपेक्षा फुप्फुसाला अधिक घातक असतात. शरीर हे कण विरघळवू शकत नाही. त्यांच्याभोवती गाठी धरतात, फुप्फुस ताठर होते आणि माणसाला चार पावले चालून धाप लागू लागते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. एकदा झालेला सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. शिवाय अशा रोग्याला क्षयाची लागण लवकर होते. नुसत्या क्ष-किरण फोटोवरून दोन्हींची गल्लत होते आणि वर्षानुवर्षे क्षयाचीच औषधे चालू राहतात. म्हणून ज्यांनी दगडखाण, विटा, ड्रिल किंवा कटरचे काम केले आहे, त्यांनी खोकला-धाप घेऊन दवाखान्यात गेल्यावर आपण काय काम करत होतो ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेत पश्चिम व्हर्जिनिया राज्यात १९३० आणि १९३१ साली हॉक्स नेस्ट येथे जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून बोगदा काढला गेला. खडकात सिलिका भरपूर होती आणि वेळ वाचवण्यासाठी ड्रिल कोरडेच चालवले गेले. त्या धुळीने शेकडो मजूर मेले, काही तर वर्षा-दोन वर्षांच्या आत. पोकळ बिटातून पाणी सोडून धूळ जागीच बसवणारे ड्रिल त्याआधी तीस वर्षांपासून उपलब्ध होते! आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटी-पेन्सिलीच्या धंद्यात आणि गुजरातेतील खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत हाच रोग आढळला. भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ ने सिलिकोसिस झाल्याचे सरकारला कळवणे बंधनकारक केले होते. मात्र तो कायदा कारखान्याला लागू होता. गावात घरोघर भोके पाडणाऱ्या मुलाची नोंद घेणारे कोणी नाही.

कुणाला उगाच घाबरवण्याचा माझा हेतू नाही. वर्षाकाठी चार भोके पाडली म्हणून कोणाला सिलिकोसिस होत नाही. तो साठत जाणारा रोग आहे. बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसतो, धूळ फार असेल तर बरेच आधी. रोज हे काम करणाराच खरा धोक्यात आहे. परंतु सवय पहिल्या चार भोकांपासूनच लागते.

ज्वारीच्या दाण्याचा एक आणा

थोडा हिशेब करू. कडबाकुट्टीच्या पायासाठी २० मि.मी. व्यासाची आणि १०० मि.मी. खोल अशी चार भोके पाडायची आहेत. एका भोकातून सुमारे ३१ घन सें.मी. काँक्रीट निघते, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम भुकटी. चार भोकांची मिळून ३०० ग्रॅम. आता दुसरी बाजू पहा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत २०१६ साली आठ तासांच्या सरासरीसाठी मर्यादा ठरवली गेली, ती अशी : एक घनमीटर हवेत श्वासात जाणारी सिलिका ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. आपली खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच धरली तर तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते. त्या संपूर्ण हवेत १.८ मिलिग्रॅम सूक्ष्म सिलिका तरंगली की मर्यादा गाठली गेली. ज्वारीचा एक दाणा सुमारे ३० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे दाण्याच्या रुपयातला एक आणा हिस्सा! तीनशे ग्रॅम भुकटीतून एवढी सूक्ष्म सिलिका हवेत उडायला कितीसा वेळ लागणार? म्हणून धूळ उडाल्यावर तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. ती भोकाच्या तोंडाशीच धरली पाहिजे.

धूळ कशी धरावी

उत्तम सोय म्हणजे ड्रिलला बसणारा धूळ-टोप. बिट त्याच्या मधून जाते, टोप भिंतीला टेकतो आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम चुरा तिथल्या तिथे ओढून घेतो. व्हॅक्यूमला बारीक धूळ अडवणारी गाळणी, म्हणजे हेपा फिल्टर, हवी. ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर मोठा चुरा गिळतो आणि विषारी बारीक धूळ मागून खोलीत सोडतो. जमीन स्वच्छ दिसते, हवा मात्र खराब होते. साधाच व्हॅक्यूम असेल तर लांब पाइप लावून यंत्र दाराबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावे. दुसऱ्या माणसाने पाइपचे तोंड भोकाच्या अगदी खाली, बिटाला न लागेल असे धरावे. त्यानेही मास्क लावावा. जोडधंदा करणाऱ्यांनी टोप आणि चांगला व्हॅक्यूम हा खर्च भांडवलात धरावा. चार-पाच जणांनी मिळून एक संच घेतला तरी चालेल.

भोकाखाली कागदाचा खिसा चिकटवण्याची युक्ती अनेकांना माहीत आहे. छतात भोक पाडताना बिटावर प्लास्टिकची वाटी ओवतात. दोन्ही युक्त्यांनी जाड चुरा पकडला जातो, पसारा होत नाही, एवढेच. बारीक धुळीवर त्यांचा उपयोग नाही, म्हणून मास्क टाळता येत नाही.

मास्क कोणता? उपरणे, रुमाल किंवा पदर नाकाला बांधल्याने हे कण अडत नाहीत. २०२० च्या कोरोनाच्या साथीत घरोघर आलेले निळे पातळ मास्कही चालत नाहीत, कारण बाजूने फट राहते. एन-९५ किंवा भारतीय मानक आय.एस. ९४७३ चा एफ.एफ.पी.-२ मास्क घ्यावा, दोन्ही पट्टे डोक्यामागे ओढावेत, नाकावरची पट्टी दाबावी. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही. फवारणीचा कोळशाच्या डब्यांचा मास्क घालू का, असे पुष्कळ जण विचारतात. तो डबा औषधाच्या वाफेसाठी असतो. त्यावर धुळीची गाळणी बसवलेली असेल तरच तो येथे उपयोगी.

पाणी मारून धूळ बसवावी, हा विचार मनात येतोच. परंतु हातातले साधे विजेचे ड्रिल आणि पाणी एकत्र आणू नये. पाणी नंतर, प्लग काढून झाल्यावर.

स्वच्छ भोक, पक्का बोल्ट

धुळीची काळजी म्हणजे वेळेचा अपव्यय, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे सांगतो. भोकात चुरा राहिला तर फुगणारा अँकर बोल्ट काँक्रीट पकडत नाही, भुकटीवर घसरतो. रासायनिक अँकरचा डिंक तर भिंतीऐवजी धुळीलाच चिकटतो. पेटी लावली आहे तोवर हे कळत नाही. कडबाकुट्टी सुरू झाली, थरथर बसू लागली की आठ-पंधरा दिवसांत बोल्ट ढिला होतो आणि यंत्र जागचे हलते. हलत्या कुट्टीपाशी हात गेला तर काय होते हे येथे सांगायला नको.

म्हणून भोक अँकरच्या लांबीपेक्षा १० ते १५ मि.मी. जास्त खोल घ्यावे. मग तारेच्या गोल ब्रशाने आतून घासावे आणि चुरा व्हॅक्यूमने ओढावा. नळी तोंडात धरून फुंकू नये. सगळी भुकटी उलट डोळ्यांत आणि छातीत येते. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भोकात किंवा अंगावरच्या कपड्यांवर मारणे त्याहून वाईट. बिटाचा आकार अँकरच्या पुड्यावर पाहूनच घ्यावा. काही प्रकारांत बोल्ट १२ मि.मी. चा असला तरी भोक २० मि.मी. चे लागते. कडेपासून बोल्टाच्या व्यासाच्या दहापट अंतर सोडावे. विटेत फुगणारा बोल्ट घालू नये, वीट फुटते. तेथे गट्टी किंवा आरपार बोल्ट बरा.

वीज आणि यंत्र

ड्रिलच्या अंगावर चौकटीत चौकट अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचे आहे. जुन्या लोखंडी अंगाच्या मशीनला तीन पिनांचा प्लग आणि खरेखुरे अर्थिंग हवेच. तिसरी पिन मोडून काम भागवणारे आपल्यात बरेच आहेत! त्या ओळीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा आणि कामाआधी त्याचे चाचणीचे बटन दाबून पहावे. एक्स्टेन्शनची वायर रिळावरून पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली वायर तापते. गोठा कामाआधी धुऊ नये. जनावरे बाहेर बांधावीत. ओल्या जमिनीत प्रवाह उतरला तर पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतरामुळे जनावराला माणसापेक्षा जबर झटका बसतो.

स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये. तेथे गिलाव्याखाली वायर असते. मशीन दोन्ही हातांनी, बाजूच्या मुठीसह धरावे. बिट सळईत अडकले की मशीन उलटे फिरते आणि मनगट मुरगळते. सळई लागली तर जोर न करता जागा बदलावी. शिडीवरून एका हाताने काम करू नये, परांची बांधावी. सैल सदरा, उपरणे, मोकळे केस, पदर आवरून घ्यावा. चष्मा आणि कानात बोळे हवेतच.

सिमेंटचे पत्रे

गोठ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू श्वासात गेले तर कर्करोग होऊ शकतो. त्यात विजेचे ड्रिल चालवूच नये. शक्यतो आहे त्याच भोकातून हूक टाकावा. भोक पाडणे भागच असेल तर दाढीच्या साबणाचा घट्ट फेस जागेवर थापून हाताने फिरवायच्या ड्रिलने, मास्क लावून, फेसातूनच पाडावे आणि फेस ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करावे.

काम संपल्यावर

प्लग काढावा, मास्क तसाच ठेवावा. खराट्याने कोरडे झाडू नये. आता पाणी चालते. जमिनीवर शिंपडून, ओली भुकटी खरवडून घ्यावी. व्हॅक्यूमची पिशवी झटकू नये. ती थोडी ओली करून, पिशवीत बांधून खड्ड्यात पुरावी. शेणखताच्या उकिरड्यात टाकू नये, कारण खत पसरताना तीच धूळ पुन्हा उडते. गव्हाणीत चुरा पडला असेल तर तो काढावा, वैरण आधीच झाकलेली बरी. कामाचे कपडे घरात न झटकता पाण्यात भिजवावेत. मग हातपाय धुवावेत, गोठा धुवावा, आणि जमीन निथळल्यावर जनावरे आत घ्यावीत.