रंग मागून, आधी आरसी बुक



आखाजी जवळ आली की आपल्याकडे लग्नांची धामधूम सुरू होते. वरातीत हल्ली घोड्याऐवजी उघडी जीप दिसते. कापडी हूड मागे टाकलेला, चकचकीत रंग, झेंडूच्या माळा आणि वर नवरदेव. आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलाच्या धंद्यासाठी अशीच जुनी जीप घ्यायला कर्ज मागितलं, आणि आम्ही सगळ्याजणी महिनाभर जीपचाच अभ्यास केला.

ही जीप मूळची दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकी लष्कराची विलीज. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. म्हणून जुन्या जीप अजून सापडतात. धुळ्याला एक मिळत होती. मालक म्हणाला, "50 वर्षं जुनी आहे, विंटेज. हिचा भाव वाढतच जाणार."

विंटेज शब्द ऐकून पोरं खूश झाली. आम्ही आरटीओत चौकशी केली. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांपुढच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, ती 10 वर्षांसाठी. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. आणि मुख्य गोष्ट, अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं, एवढंच. म्हणजे वरातीचं भाडं घेणार कुठून? साध्या पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीवरही भाडं घेता येत नाही. त्यासाठी पिवळी पाटी आणि परवाना लागतो. हप्ता त्याच भाड्यातून फिटणार होता, हे विसरून कसं चालेल?

तरी गाडी बघायला गेलो. मालक रंग दाखवत होता. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "भाऊ, पहिले कागद दखाड." आरसी बुकात इंधन पेट्रोल लिहिलेलं आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन! इंजिन नंबरही जुळेना. जुन्या जीपला असं डिझेल इंजिन बसवलेलं पुष्कळदा आढळतं. पण मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितलं आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर घर कोणाचं बुडेल?

आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रीने आणखी एक युक्ती शिकवली. पत्र्यावर लोहचुंबक फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे गंज खाल्लेल्या जागी पुट्टी भरलेली असते. दाराखाली विताएवढ्या पट्ट्यात ते चिकटलंच नाही. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेले आकडे आरसी बुकाशी ताडून बघायचे, हेही त्यानेच सांगितलं. गाडी घेतलीच, तर आपल्या नावावर करायचा अर्ज 30 दिवसांत द्यायचा. जुन्या मालकाच्या नावावर फिरवत बसायची नाही.

हूड, सीट, माळा, सगळी हौस मागून होते. रंग बदलायचा तरी आरटीओत आधी विचारावं.

ताईंनी मालकाला सांगितलं, "इंजिनाची नोंद करून आणा, मग बोलू." त्याचा अजून फोन नाही. कर्जाचा अर्ज वहीत तसाच आहे. चोपड्याकडे पिवळ्या पाटीची एक गाडी विकायची आहे म्हणतात. तिचं आरसी बुक आधी बघायला मागवलंय.