पटकथाकार तेंडुलकर

चित्रपट पाहून घरीं परतणारा प्रेक्षक नटाचें नांव घेतो, फार तर दिग्दर्शकाचें. ती कथा प्रथम कागदावर मांडणारा पटकथाकार सहसा कोणाच्या स्मरणांत रहात नाहीं. विजय तेंडुलकर यांच्या पटकथा तर त्यांच्याच नाटकांच्या कीर्तीनें झांकून टाकल्या.

तेंडुलकरांचा जन्म १९२८ सालचा. बालपण गिरगांवांतील कांदेवाडींत गेलें. १९४२ च्या चळवळींत शाळा सुटली, आणि पुढचें शिक्षण वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत झालें.

पटकथा म्हणजे केवळ संवाद नव्हेत. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चे (१९७६) संवाद कैफी आझमींचे, तर गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’चे (१९८३) वसंत देव यांचे आहेत. तेंडुलकरांचें कार्य त्याहून मूलभूत होतें: कोणता प्रसंग दाखवावा, कोणता गाळावा, कोणीं बोलावें आणि कोणीं मुकें रहावें. ‘आक्रोश’मध्यें (१९८०) पत्नीच्या खुनाचा आरोप आलेला लहान्या भिकू आपल्या वकिलापुढें तोंड उघडीत नाहीं. सबंध चित्रपट त्या मौनावर उभा आहे.

श्रोतेहो, या पटकथांत एक मनुष्य पुनःपुन्हां भेटतो. तो शिकलेला, पांढरपेशा आणि सत्याची चाड असलेला असतो. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत दाखविला गेला. त्यांतील मद्यपी मास्तर साखरसम्राटाला एका नाहींशा झालेल्या माणसाचें काय झालें, एवढेंच विचारीत रहातो. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून रचलेल्या ‘सिंहासन’मध्यें (१९७९) मुंबईंतील सत्तेचा खेळ पाहतां पाहतां बातमीदार दिगू टिपणीस याचें चित्त ठिकाणावर रहात नाहीं. ‘उंबरठा’तील (१९८२) सुलभा महिलाश्रमाची अधीक्षिका होते, आश्रमहि सुटतो आणि घरहि. ‘अर्धसत्य’मधील फौजदार वेलणकर, कायदा ज्याला स्पर्श करीत नाहीं त्याला स्वतःच्या हातांनीं ठार करतो.

हें सारें निराशाजनक आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ‘मंथन’ त्याला उत्तर देतो. तेथेंहि शहरांतून आलेल्या डॉक्टराला गांव सोडावें लागतें. पण दुधाची सहकारी संस्था मरत नाहीं, कारण भोला नांवाचा गांवचाच तरुण ती पुढें चालवितो. गुजराथेंतील पांच लाख दूध-उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये देऊन हा चित्रपट उभा केला, आणि त्याच्या पटकथेस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. सत्य एकट्यानें जाणलें तर तो एकटा मोडतो. तें चार जणांचें झालें म्हणजे टिकतें, हाच या पटकथांचा बोध म्हणावा लागेल.

तेंडुलकर २००८ सालीं पुणें येथें निवर्तले. नव्यानें सिद्ध केलेली ‘मंथन’ची प्रत २०२४ सालीं कान महोत्सवांत दाखविली गेली. मास्तर, वकील, बातमीदार हीं माणसें आपल्याच आळींतलीं आहेत. त्यांच्यापुढें आलेला प्रश्न आपल्या दारीं आला, तर आपण काय करूं, एवढें हे चित्रपट पाहतांना प्रत्येकानें स्वतःस विचारावें.