हवं-नको कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



समुपदेशनासाठी आलेल्या बाईला मी आधी विचारते, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "घरचे म्हणतील तसं." हे उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण एका यंत्राच्या तोंडीही त्याच वळणाचं उत्तर घातलं होतं, हे वाचून मी चमकले.

२०११ साली आयफोनमध्ये 'सिरी' आली. अमेरिकेत तिला बाईचा आवाज दिला होता. बाईला देतात तसली शिवी तिला इंग्रजीत दिली, तर ती म्हणायची, लाजता आलं असतं तर लाजले असते! २०१९ मध्ये युनेस्कोने आपल्या अहवालाला याच उत्तराचं नाव दिलं. अहवाल येण्याच्या थोडं आधीच ते उत्तर बदललं होतं. २०२१ पासून इंग्रजी सिरीचा आवाज वापरणाऱ्यानेच निवडायचा असतो.

सिरीने अपमान सहन केला का? सहन करायला आधी काहीतरी 'नको' असावं लागतं. अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ च्या निबंधात म्हटलं, की इच्छा प्राण्यांनाही असतात. माणूस मात्र स्वतःच्या इच्छेकडे वळून पाहतो, ही इच्छा मला हवी आहे का, असं विचारतो. कर्तेपण तिथूनच सुरू होतं, असं मला वाटतं.

आजची यंत्रं 'मला आवडेल' असं सफाईने बोलतात. त्यामागे खरंच काही वाटणं असू शकतं का, हा वाद तत्त्वज्ञांत चालू आहे. पण सिरीचं लाजणं कुणीतरी लिहिलेलं होतं, हे नक्की. लिहिणाऱ्यांना बाई कशी हवी, तेच त्यात उमटलं. आता यंत्रं नकारही देतात. तो कुठे द्यायचा, हेही कंपनीच शिकवते. म्हणून यंत्राला काय हवंय, याच्या आधी त्याच्या तोंडून कुणाचं हवं-नको बोलतंय, हे आपण विचारलं पाहिजे.

आपल्या बाईचं "घरचे म्हणतील तसं" हेही दुसऱ्यांनीच घोकून घेतलेलं असतं. पण तिला वळून पाहता येतं. असंच म्हणणारी एक बाई चौथ्या भेटीत म्हणाली, "माहेरहून आणलेलं शिलाई मशीन मला परत हवंय." मी तिला काहीच सुचवलं नव्हतं. फक्त दर वेळी तोच प्रश्न विचारून थांबले होते.

हे थांबणं आपण सोडायचं नाही.