पावसाळ्यातला कोरडा कातळ



आषाढ लागला की डोंगरात जाणाऱ्यांच्या दोन टोळ्या होतात. एक धबधब्यांच्या मागे धावते. दुसरी, संख्येनं अगदीच लहान, कोरडा दगड शोधत हिंडते. आज बोलायचंय ते या दुसऱ्या, जराशा विक्षिप्त टोळीविषयी.

यांच्या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. दोर नाही, खिळे नाहीत. तीन-चार मीटरांचा धोंडा किंवा पुढे झुकलेली कपार, खाली जाड गादी, पायात घट्ट रबरी तळाचे बूट आणि पडणाऱ्याला गादीकडे वळवायला सावध उभा असलेला सोबती. घामेजल्या बोटांसाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी. ती जिम्नॅस्टिक्सच्या आखाड्यातून कातळावर आणली जॉन गिल या अमेरिकी गणितज्ञानं, १९५० च्या दशकात. आपल्याकडे १९५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या 'गिरिविहार' संस्थेनं बेलापूरच्या कातळावर या खेळाच्या स्पर्धा भरवल्या आणि २०१६ मध्ये तर बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धाच नवी मुंबईत आणली. तिथली भिंत अर्थात कृत्रिम होती. मला आज खाडी ओलांडून रायगडच्या किनाऱ्यावर यायचं आहे, आणि प्रश्न साधा आहे: बाहेर पाऊस कोसळत असताना इथल्या एखाद्या गुहेच्या आडोशाला चढता येईल का?

थायलंडच्या रायले किनाऱ्यावर येतं. तिथला दगड चुनखडीचा. पाण्यात विरघळून त्यात मोठमोठ्या गुहा आणि पुढे आलेली छतं तयार झाली आहेत. आपला कातळ बसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो तसा विरघळत नाही, म्हणून खोल नैसर्गिक गुहा आपल्याकडे विरळा. कपारी मात्र भरपूर. लाव्हाच्या दोन कठीण थरांमध्ये कुठे कुठे लाल, मातकट, मऊ थर असतो. तो आधी झिजतो आणि वरचा थर अधांतरी पुढे राहतो. झालं छप्पर तयार!

पण गंमत अशी, की याच मऊ थरामुळे कपार ओलीही राहते. डोक्यावरच्या पठारावर पडलेलं पाणी भेगांतून झिरपत खाली येतं, त्या चिकणमातीपाशी अडतं आणि नेमकं कपारीच्या पाठीमागच्या भिंतीतून बाहेर पडतं. पाऊस उघडून ऊन पडलं तरी आतलं ठिबकणं सुरूच. बाहेरून कोरडी दिसणारी जागा आत शिरल्यावर ओलीचिंब निघते ती अशी.

आता चांगल्या, ऐसपैस, कोरड्या गुहा म्हणाल, तर त्या फार पूर्वीच भरल्या आहेत. राजपुरीच्या खाडीवर कुड्याची लेणी पाहा. सव्वीस लेणी, शेजारी पाण्याच्या पोढ्या, आणि दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावं, या नियमाला अशा जागा सोयीच्या. तिथे चढायचं नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी छिन्नीच्या घावांवर बुटाचा तळ घासणाऱ्याला मी चढणारा म्हटलं नसतं. शेंदूर लावलेला दगड असलेली कपारही तशीच सोडावी. आणि जागा गावाची असेल, तर आधी गावात विचारावं.

हरिहरेश्वरचा मोह सगळ्यात मोठा. देवळामागून प्रदक्षिणेची वाट दोन कातळांच्या फटीतून समुद्राकडे उतरते, आणि खाली लाटांनी तासलेल्या भिंतींवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. बोटं शिवशिवतात. पण ती जाळी खाऱ्या पाण्यानं घडवली आहे: दगडाच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढले, त्यांनी कण कण सुटा केला. दोन खळग्यांमधल्या भिंती पातळ आहेत. माणसाचं वजन टाकलं तर पकडही जाईल आणि वारसाही. शिवाय ही वाट ओहोटीची. कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. अंदाजाला तो ठीक. पण पावसाळ्यात वारा लाटा उंच करतो आणि तेव्हा हिशोब बरोबर असून माणूस वाहून जातो. पावसात तिकडे फिरकू नये, चढणं तर दूरच.

मग उरतं काय? समुद्रापासून मागे, टेकडीच्या उतारावरच्या बिननावाच्या कपारी. त्या निवडताना बहुतेक जण सर्वांत बंदिस्त जागा शोधतात. माझं मत उलट आहे. जुलैत नैर्ऋत्येचा दमट वारा गार कातळाला लागला, की दगडालाच घाम फुटतो. कोंदट जागी तो वाळतच नाही. डोक्यावर छप्पर पण बाजूनं मोकळी, वारा आरपार जाईल अशी कपार उत्तम. हाताला लावलेली भुकटी कातळावर टेकवून पाहा. कोरडी राहिली तर चढा, लगदा झाला तर डबा उघडा आणि जेवा.

एक दिलासा आहे. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोचा वालुकाश्म ओला झाला की कमकुवत होतो आणि पकडी तुटतात, म्हणून पावसानंतर तिथे थांबावं लागतं. आपला ताजा, घट्ट बसाल्ट ओलाव्यानं तसा ढासळत नाही, नुसता निसरडा होतो. लाल थर आणि कुजका, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड मात्र टाळा.

छताखाली चढताना नवखा हातांनी लोंबकळतो आणि लगेच थकतो. काम पायांचं आहे. टाच एखाद्या कंगोऱ्यावर अडकवायची, पोट आवळायचं, मग हात सोडायचा. बूट गादीवर बसूनच घालावेत. ओल्या गवतातून एक पाऊल टाकलं तरी तळ फुकट. आणि न दिसणाऱ्या खाचेत बोटं घालू नयेत, कारण पावसात कोरडी जागा फुरशालाही हवी असते.

निघताना जवळ ब्रश हवा. उघड्या धोंड्यावरचे भुकटीचे पांढरे ठसे पहिल्याच सरीत धुऊन जातात. छपराखाली सर पोचत नाही, म्हणून तिथले ठसे हातानंच घासून काढावे लागतात.