सतराव्या दिवशीचा ताप

कविता लिहिणाऱ्याला चुकलेली मात्रा लगेच खटकते. थोरल्या भावाच्या, भाईजानच्या मनगटावर सहज बोटं ठेवली तेव्हा तसंच झालं. दोन ठोके भरभर, मग थांबा, मग एक हलका, पुन्हा तीन घाईघाईनं. कुठलंच वृत्त नाही! कार्डिओग्राम काढल्यावर डॉक्टरांनी नाव सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. गोळ्यांनी भागेना, म्हणून ॲब्लेशन ठरलं.

मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात. फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी हा बेतालपणा बहुधा सुरू होतो, हे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथं मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्या जागेभोवती डागण्या देतात. भाईजान तिसऱ्या दिवशी घरी आले, नाडी सरळ. आम्ही मिठाई वाटली.

अडचण आहे ती शेजाराची. हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या पाठीमागे लागूनच अन्ननलिका आहे, मध्ये अंतर जेमतेम काही मिलिमीटर. डागणीची धग तिथवर गेली, तर पुढच्या काही आठवड्यांत दोन्हींच्या मध्ये भोक पडू शकतं. असे रुग्ण २००४ साली वैद्यकीय नियतकालिकांत प्रथम नोंदले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेपाच लाखांहून अधिक ॲब्लेशनांमागे असे १३८ रुग्ण आढळले. म्हणजे चार हजारांत एक. पण त्या १३८ पैकी जवळजवळ दोन तृतीयांश दगावले. निम्म्या जणांना अठरा दिवसांच्या आतच त्रास सुरू झाला होता, आणि बहुतेकांचं पहिलं लक्षण होतं साधा ताप.

भाईजानना सतराव्या दिवशी ताप भरला. गिळताना दुखायचं. भाभी म्हणाल्या, "पावसाचे दिवस आहेत, घरोघरी आहे." गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "उद्या दुर्बीण घालून अन्ननलिका पाहून घेऊ." हृदयाचं काम झालंय हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं. घसा दुखतोय, त्यात हृदयाचा काय संबंध, असंच वाटलं. सुटीचा कागद नातवाच्या फीच्या पावत्यांत होता. मी तो रात्री शोधला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन महिन्यांत ताप, गिळताना वेदना, बोलण्यात अडखळणं यांपैकी काही झालं तर आधी आम्हाला फोन करा.

केला. पलीकडून तरुण आवाज आला, "दुर्बीण अजिबात नको. तोंडानं काही देऊ नका. छातीचा सीटी काढायचाय, लगेच निघा." कारण नंतर कळलं. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेत हवा भरतात. भोक असेल तर ती हवा हृदयात आणि तिथून मेंदूत जाते.

सीटीच्या खोलीबाहेर भाभींची तसबीह चालली होती. मला एकही ओळ सुचली नाही. पहाटे डॉक्टर म्हणाले, भोक नाही. घशाचा संसर्ग निघाला, आठवड्यात उतरला.

आता विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी करायची पद्धत आली आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत असं भोक एकालाही पडलेलं नाही. तरी उष्णतेची पद्धतही चालूच आहे.

भाईजाननी त्या कागदाला प्लास्टिक लावून घेतलंय. परवा चष्म्याचा नंबर काढायला गेले, तर तिथंही खिशातून काढून टेबलावर ठेवला.