शाळेचे नेतृत्व : सिद्धान्त आणि आचरण

(पुण्यातील शिक्षक व संस्थाचालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात. हे विशेषण कानाला सुखावणारे आहे. परंतु घर बांधणाऱ्याच्या पुण्याईवर फार दिवस टिकत नाही. ते सांभाळणाऱ्यांमुळे टिकते. शाळा काढणारे समाजात पुष्कळ असतात. आपल्यानंतर ती चालवील असा माणूस घडवणारे थोडे असतात. शैक्षणिक नेतृत्वाचा विचार येथूनच सुरू झाला पाहिजे.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. सरकारी नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांभोवती टिळक, नामजोशी, आगरकर, वामन शिवराम आपटे अशी तरुण मंडळी जमली. नेतृत्वाचे शिक्षण यांपैकी कोणी घेतलेले नव्हते; परंतु परीक्षा मात्र लवकरच द्यावी लागली. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकरांचे निधन झाले. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. एक प्रमुख गेला, दोघे बंदिवासात. तरीही शाळेची घंटा वेळेवर वाजत राहिली. सहकाऱ्यांनी काम अंगावर घेतले. ज्या संस्थेत जबाबदारी अनेकांच्या खांद्यांवर असते, तिला एकाच्या अनुपस्थितीने धक्का बसतो. ती कोसळत नाही.

पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. येथे आजीव सदस्यत्वाची पद्धत रुजली. वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे वचन देणारे शिक्षकच संस्थेचा कारभार पाहत. वर्गात शिकवणारा माणूसच हिशेबाच्या वहीपुढे बसे आणि निधीसाठी दारोदार फिरे. कारभार तो पुस्तकातून नव्हे, कारभारातूनच शिकला.

या वाटेवर काटे नव्हते असे नाही. बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न यांवरून आजीव सदस्यांत तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. आपटे १८९२ मध्ये आणि आगरकर १८९५ मध्ये निवर्तले. दोघेही त्या वेळी फर्ग्युसनचे प्राचार्य होते. या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्यागाची भावना कितीही उत्कट असली, तरी पैसा आणि वेळ यांचे नियम आधीच स्पष्ट असावे लागतात. आणि दुसरी फळी तयार असावी लागते. फर्ग्युसनमध्येच शिकलेले र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

महर्षी कर्वे यांच्या कार्यातही हेच दिसते. पार्वतीबाई आठवले लहान वयात विधवा झालेल्या, अक्षरओळखही उशिरा झालेली. हिंगण्याच्या आश्रमाने त्यांना केवळ आश्रय दिला नाही, काम दिले. त्या शिक्षिका झाल्या, संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा करू लागल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेपर्यंत गेल्या. विश्वासाने सोपवलेले काम माणसाला केवढे मोठे करते!

आज स्थिती काय आहे? महाराष्ट्रातील खासगी शाळांत १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद साधारणतः सेवाज्येष्ठतेने मिळते. या नियमाने वशिलेबाजीला आळा घातला, हे मान्यच करावे लागेल. परंतु ज्येष्ठता वर्षे मोजते, तयारी मोजत नाही. पंचवीस वर्षे उत्तम गणित शिकवलेला शिक्षक एका सकाळी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसतो, आणि वेतनदेयके, शिक्षण खात्याची पत्रे, पालकांच्या तक्रारी हे सारे एकदम त्याच्यापुढे येते. सावरेपर्यंत निवृत्ती जवळ येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. ते आवश्यक आहे. परंतु पोहण्याचे शास्त्र ऐकून कोणी नदी पार करीत नाही.

म्हणूनच १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचा विचार मोलाचा ठरतो. बुद्धिमान विद्यार्थ्यांतून समाजासाठी नेतृत्व घडवायचे, हे तिचे उद्दिष्ट. १९८३ मध्ये आप्पा गेले. काम थांबले नाही. १९९३च्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातील हराळीसारख्या गावीही ते उभे राहिले.

प्रत्येक शाळेला तीन गोष्टी आजपासून करता येतील. चाळिशीच्या आतील दोन शिक्षकांकडे दरवर्षी एक पूर्ण जबाबदारी सोपवावी; निर्णयाच्या अधिकारासह, केवळ कष्टांसह नव्हे. अंदाजपत्रकाच्या बैठकीस त्यांना बसवावे. आणि त्यांच्या हातून चूक झाली, तर ती चारचौघांत न उगाळता एकत्र बसून तपासावी.

संस्थाचालकांनी एक प्रश्न मनाशी विचारावा : उद्या मुख्याध्यापक आले नाहीत, तर प्रार्थनेनंतर शाळा कोणाकडे पाहील? उत्तरादाखल दोन-तीन नावे सहज ओठांवर आली, तर माहेरघराची चिंता नको. एकही आले नाही, तर इमारत कितीही भव्य असो, पायाभरणी अजून व्हायचीच आहे.